गार मटक्यावर बंदी

माझ्या लिखाणावर सरकारनं बंदी घातली, ही बातमी मला माझ्याच मुलीनं दिली, आणि तीही हिंदीत.

"पापा, आपका वो मटकेवाला ब्लॉग ब्लॉक हो गया है।"

गंधालीला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. रायपुरात घरोघरी हेच आहे, त्यामुळे मी ते मनाला लावून घेत नाही. बंदी मात्र मी मनाला लावून घेतली. मोबाइलवर जिथे माझे लेख असायचे तिथे पांढरंफटक पान होतं आणि मधोमध एकच वाक्य होतं. त्याचा अर्थ असा, की सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानुसार ही वेबसाइट बंद करण्यात आली आहे.

मी नरहर पिंपळापुरे. सिंचन विभागात हेडक्लार्क होतो. अशी कितीतरी वाक्यं मी स्वतः लिहून लोकांच्या तोंडावर मारलेली आहेत. सक्षम प्राधिकारी म्हटलं, की पुढे कोणी विचारत नाही तो कोण. पण स्वतःवर पहिल्यांदाच वेळ आली, आणि मला तो कोण हे जाणून घ्यावंसं वाटू लागलं.

निवृत्तीनंतर मी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'गार मटका'. पाण्याच्या माठाला आमच्याकडे मटकाच म्हणतात, आणि वाचकाला भर उन्हाळ्यात चार थंड घोट मिळावेत असा त्यात माझा हेतू होता. विषय साधे. कूलरची खस, बोरांचं लोणचं, शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लग्नाचा डीजे. मग बंदी काहून? विचार करता करता मला घाम फुटला. बगळा!

आमच्या कॉलनीमागच्या तलावाचं त्या वर्षी सौंदर्यीकरण झालं होतं. म्हणजे पाण्यावर पसरलेली जलकुंभीची वेल तशीच ठेवून काठावर सिमेंटचा एक प्रचंड बगळा बसवला होता. तो कंबर धरून उठू पाहणाऱ्या माणसासारखा दिसायचा. त्यावर मी लेख लिहिला, आणि शेवटी विचारलं, 'हा बगळा आहे, की आमच्या नगरसेवकांचं आत्मचरित्र?' हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतः खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली होती. तिथंच सत्ता हादरली असणार.

"सरोजिनी," मी बायकोला म्हणालो, "मला बहुतेक घेऊन जातील."

"कुठे?"

"जेलमध्ये. माझ्या लेखणीवर बंदी आली आहे."

ती कणीक मळत होती. "जाल तर जाताना गॅसचा नंबर लावून जा," ती म्हणाली. "ते ओटीपी तुमच्या मोबाइलवर येते."

मी तरी एका पिशवीत पंचा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि चष्म्याचं दुसरं घर भरून ठेवलं. कोणी आलं नाही. संध्याकाळी शेजारचे दयाराम मेश्राम तेवढे आले. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून रिटायर झालेले, आणि कुठल्याही संकटात शांत राहायची त्यांना नोकरीपासूनची सवय.

"काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले भाऊ?" ते म्हणाले. "बंदी आली म्हणजे मोठे झाले तुम्ही. आमच्या लाइनीत मालगाडीले कोणी थांबवत नाही, राजधानीलेच थांबवतात."

हे रेल्वेच्या दृष्टीनं साफ खोटं आहे, हे मलाही ठाऊक होतं. पण मी दयारामभाऊंना दुसरा चहा दिला.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत माझा भाव वाढला. ज्यांनी मला जन्मात ब्लॉगबद्दल विचारलं नाही, ते फाटकापाशी थांबून आवाज खाली करून विचारू लागले, "कुठे वाचायला मिळेल हो?" मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या सत्यभामाबाईंनी तर मला हळदीकुंकवाला बोलावलं. मी पुरुष आहे याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

मागणी होती, पण माल बंद. तेव्हा गंधालीनं माझ्या मोबाइलमध्ये व्हीपीएन नावाची वस्तू घातली. ती घातली की आपण रायपुरात नसून परदेशात आहोत असं इंटरनेटला वाटतं, आणि परदेशात आपल्या बंदीला कोणी विचारत नाही. गंधालीनं मला नेदरलँडला ठेवलं. ब्लॉग लगेच उघडला. माझा बगळा जसाच्या तसा उभा होता. माझे डोळे भरून आले.

मात्र मोबाइलनं हे परदेशगमन फारच मनावर घेतलं. बाहेर जीव काढणारं ऊन, आणि तो मला सांगायचा, आज थंडी आहे, गरम कपडे घाला. दूधवाल्याचं ॲप म्हणालं, आपल्या भागात आमची सेवा उपलब्ध नाही. आणि एके दिवशी बँकेनं माझं खातंच गोठवलं.

मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या पोट्ट्यानं स्क्रीनकडे बघून सांगितलं, "सर, आप विदेश से लॉगिन कर रहे हैं। इसलिए होल्ड लगा है।"

"मी विदेशात नाही. मैं आपके सामने खड़ा हूँ।"

"वो तो मैं देख रहा हूँ। सिस्टम नहीं देख रहा।"

"मग सिस्टमला काय दाखवू?"

"पासपोर्ट ले आइए। जिसमें वापस आने का ठप्पा हो।"

"अरे, मी गेलोच नाही, तर परत आल्याचा ठप्पा कुठून आणू?"

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "फिर तो सर, आप वहीं हैं।"

हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसालाही सुचलं नसतं. मी मनातल्या मनात त्याला सलाम केला आणि रिकाम्या हातानं घरी आलो. पुढे मॅनेजरसाहेबांनी माझा फोटो माझ्याशी ताडून पाहिला, मला बँकेच्या दारातून एकदा बाहेर पाठवून परत आत यायला लावलं, आणि त्याला भारतात आगमन मानून खातं सोडलं.

पण खरा घाव पुढेच होता. व्हीपीएन आता साऱ्या कॉलनीनं घेतलं होतं आणि सगळ्यांनी 'गार मटका' वाचला होता. हळदीकुंकवाला सत्यभामाबाई डाळीची वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "पिंपळापुरे, मी तर दार लावून वाचलं हो. भीत भीत. काहीच नाही निघालं त्यात."

"बगळा वाचला का?"

"वाचला ना. बगळाच तर आहे."

बायका हसल्या. मी डाळ तशीच ठेवली. बंदी घालणाऱ्यानं अपमान केला ते ठीक, तो त्याचा अधिकार. पण बंदी घालण्याच्या लायकीचंच नाही असं म्हणणं? आता मी पेटलो. बंदी शोभेल असं लिहीन, आणि सगळ्यांना सहज उघडता येईल अशा नव्या पत्त्यावर लिहीन, असं मी ठरवलं.

नवा ब्लॉग काढला, 'असली गार मटका'. दुसऱ्या दिवशी बंद. मग 'नवा मटका'. तोही बंद. मग 'रायपूर मटका'. हा तर दुपारच्या जेवणापर्यंतही टिकला नाही.

"भाऊ," दयारामभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तुमच्यावर चोवीस तास नजर ठेवून राहिले ते."

माझी छाती फुगली. शेवटी गंधालीनं तो ब्लॉग कुठल्याशा लांबच्या देशातल्या सर्व्हरवर नेऊन ठेवला, जिथून काढणं सरकारला सोपं नव्हतं. नाव तिनंच दिलं, 'मटका लाइव्ह'. म्हणाली, लोग सर्च करेंगे तो जल्दी मिलेगा.

मजकुराचं काय करायचं ते दयारामभाऊंनी सुचवलं. "नाव घेऊच नका कोणाचं. आमच्या कंट्रोलमंधी गाडीचं नाव कोणी घेत नाही, नंबर घेतात. तुम्हीबी नंबर द्या."

मला हे फार आवडलं. नगरसेवक म्हणजे चार. तलाव म्हणजे सात. बगळा नऊ. जलकुंभी दोन. आणि मी स्वतः, नम्रता म्हणून, शून्य. मग मी लिहिलं: 'आज सातच्या काठावर चार आला. नऊकडे पाहून चार हसला. नऊ गप्प आहे. दोन वाढून राहिली आहे. शून्य सारं बघतोय.' वाचताना माझं मलाच कापरं भरलं. असं धारदार गद्य माझ्या हातून पूर्वी उतरलं नव्हतं.

आणि काय सांगू! वाचकांचा पूर आला. जुन्या ब्लॉगवर आलेला वाचक मी नावानं ओळखायचो; इथे तर माणसं मोजता येईनात. बहुतेकांना मराठी येत नसावी, पण साहित्याला भाषेची अडचण नसते असं मी मंडळात अनेकदा बोललो होतो, आता पुरावा मिळाला. एकानं विचारलं, 'गुरुजी, ओपन या क्लोज?'

इतका मार्मिक प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. कथेचा शेवट मोकळा सोडावा, की बंद करावा? मी लगेच उत्तर दिलं: 'मला व्यक्तिशः ओपन आवडतं. क्लोज केलं की वाचकाच्या हाती काही उरत नाही. माझा नऊ तर ओपनच आहे.'

त्यानंतरच्या रविवारी आमच्या फाटकाशी एक मोठी गाडी थांबली. त्यातून पांढऱ्या कपड्यातले एक जाडजूड गृहस्थ उतरले, मागोमाग ड्रायव्हरनं तांदळाचं पोतं उतरवलं. गृहस्थ थेट माझ्या पाया पडले.

"मी अनंतराव, अभनपूरचा. धानाचा व्यापार हाय माझा. गुरुजी, तुमच्या नऊनं मले तारलं."

"बगळा आवडला तुम्हाला?" मी हरखून विचारलं.

"बगळा?" ते गोंधळले. "नऊ ओपन म्हणाले ना तुम्ही? लागला की! हा दुबराज तांदूळ आणला, घरचा हाय. आता पुढचा आकडा सांगा."

मला उमगायला थोडा वेळ लागला. सट्ट्याच्या आकड्यांनाही मटका म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेपर मीही वाचतो. पण पोराचं नाव ठेवताना त्या नावाचा कोणी चोर होऊन गेला का, हे आपण शोधत बसत नाही. मी अनंतरावांना परोपरीनं सांगितलं, की मी सट्टेवाला नाही, लेखक आहे. ते डोळा मारून म्हणाले, "समजलं. उघड बोलता येत नसन."

पुढचे दिवस आठवले की आजही माझं डोकं दुखतं. गुढियारीच्या मालधक्क्यावरचे हमाल, उरला औद्योगिक वसाहतीतून शिफ्ट संपवून थेट आलेले कामगार, भाजीवाले, एक निवृत्त मास्तर, असे सगळे फाटकाशी. मी हात जोडून म्हणालो, "भैया, मी एक साधा माणूस आहे, दोन वेळचं जेवतो." मागून कोणी तरी ओरडलं, "एक, दो! लिखो!" मी तोंड बंद केलं, तर मास्तरांनी जाहीर केलं की आज शून्य आहे.

"कपडे वाळत घालायची सोय नाही राहिली," सरोजिनी वैतागून म्हणाली. "चादरी घातल्या, तर एक मेला त्या मोजून गेला."

मी 'मटका लाइव्ह' काढून टाकला. काही फायदा झाला नाही. कोणी तरी त्याच्या नकला काढल्या होत्या, माझं नाव लावून, माझ्या जुन्या लेखांतले आकडे वेचून. खसवरच्या लेखातली कूलरची किंमतसुद्धा सट्ट्याला लागली.

एका सकाळी पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. आकडा मागत नव्हता, बोलतही नव्हता. सरोजिनीनं पाणी दिलं तेव्हा कळलं, त्याचं नाव बंडू, उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये फिटर. मी गप्प राहिलो म्हणून त्यानं शून्यावर पगार लावला होता.

"तुमचा राग नाही जी," तो म्हणाला. "घरी काय सांगू ते समजून नाही राहिलं."

त्या एका वाक्यानं माझ्यातला क्रांतिकारक विझला. मी अनंतरावांचा दुबराज बंडूच्या सायकलला बांधला. तो नाही नाही म्हणत होता, मी ऐकलं नाही. मग शर्ट बदलला आणि सरळ सायबर सेलच्या ऑफिसात गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी नागरिक स्वतःहून सेन्सॉरशिप मागायला निघाला असेल.

तिथे इन्स्पेक्टर अपर्णा मॅडम होत्या. भिलाईच्या, घर मूळचं भंडाऱ्याकडलं, बोलणं आपल्यातलंच.

"मॅडम, माझा ब्लॉग बंद करा."

त्यांनी नाव विचारून संगणकात पाहिलं. "तो तर बंदच आहे काका."

"पण लोक वाचून राहिले ना!"

"रेकॉर्डप्रमाणे बंद आहे. बंद असलेलं पुन्हा बंद कसं करणार?"

"निदान बंदी कशामुळे आली ते तरी सांगा. बगळ्यामुळेच ना?"

"कोणता बगळा?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सट्ट्याच्या वेबसाइटींची लांबलचक यादी होती, मटका नावाची प्रत्येक वस्तू त्यात ओढली गेली होती. माझ्या वर कोणी 'किंग' होता, खाली कोणी 'बॉस'. मध्ये मी, गार. माझा एकही शब्द कोणी वाचला नव्हता. चोवीस तास नजर कशाची, कोणी एकदासुद्धा बघितलं नव्हतं!

"मग माझ्यावर अन्याय झाला," मी म्हणालो.

"झाला," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आता उपाय एकच आहे. मी तपासून लिहून देते की ह्याच्यात सट्ट्याचं काही नाही. बंदी उठते, आणि ते पत्र ब्लॉगवर लावा. सरकारच म्हणतं आकडा नाही, म्हटल्यावर फाटकावरची गर्दी जाईल."

त्यांनी ब्लॉग उघडला आणि वाचायला सुरुवात केली. 'मटका लाइव्ह'चं छापील पानही मी सोबत नेलं होतं, प्रामाणिकपणाच्या भरात. ते बघून त्यांच्या कपाळावर आठी आली. "सातच्या काठावर चार आला. हे काय आहे काका? हा तर आकडाच आहे."

"नाही नाही, ती सांकेतिक भाषा आहे. चार म्हणजे..."

मी थांबलो. चार म्हणजे नगरसेवक म्हटलं तर सट्टा जाईल आणि बदनामीची केस येईल. लेखकाच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो, ताठ मानेनं सत्य सांगण्याचा.

"चार म्हणजे माझा मेव्हणा," मी म्हणालो.

"आणि सात?"

"आमचं मोरीतलं टाकं."

"नऊ गप्प आहे?"

"सासूबाई. त्या फार बोलत नाहीत."

मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हसू आलं असावं, पण वर्दीत होत्या. मग त्यांनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं: "सदर लेखनात कोणताही आकडा, संकेत वा आशय आढळला नाही."

मी सहीसाठी पेन उचललं होतं. ते खाली ठेवलं.

"आकडा नाही, कबूल. संकेतही सोडा. पण आशय आहे हो मॅडम."

"काका, आशय आहे म्हटलं की तो कसा आहे ते लिहावं लागतं. वर पाठवावं लागतं. महिने जातील."

"जाऊ द्या."

"फाटकावरचे लोक?"

बंडूची सायकल डोळ्यापुढे आली. तरी हात पेनाकडे जाईना. हेडक्लार्क म्हणून मी हजारो कागदांवर निमूट सही केली, पण हा कागद माझ्याबद्दल होता. शेवटी मी म्हणालो, "एकच लेख वाचून दाखवतो. मग तुम्ही ठरवा."

मी बगळा वाचला. सिमेंटची कंबर, काठावर पेन्शनीतले म्हातारे, पाण्यात उरलेली इवलीशी चकाकी. आत्मचरित्राचं वाक्य मात्र गिळलं. दारातल्या शिपायानं जांभई दिली. मॅडम हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "थोडा आहे."

मग आम्ही दोघं बसलो आणि सरकारी भाषेत माझ्या साहित्याची समीक्षा केली. 'अल्प' त्यांना चालत होतं, मला नको होतं. 'सखोल' मी सुचवला, त्यांनी ऐकला नाही असं दाखवलं. अखेर ठरलं: 'सदर लेखनात आशय आढळला, तथापि तो किरकोळ व घरगुती स्वरूपाचा असून कोणासही अपायकारक नाही.' मी सही केली.

बंदी उठली. पत्र ब्लॉगवर लावलं. आठवडाभरात फाटक मोकळं झालं. सरकारनं अपायकारक नाही म्हटल्यावर कोणता सट्टेबाज थांबणार? कॉलनीनंही वाचणं सोडलं. सत्यभामाबाई आता रस्त्यात भेटल्या तर नुसत्या हसतात.

पत्र घरी आणलं त्या दुपारी सरोजिनीनं ते चष्मा लावून वाचलं.

"घरगुती म्हणजे? कोणाबद्दल लिहिलं?"

मी खरं ते सांगितलं, मेव्हण्यासकट. ती माहेरच्या बाबतीत हळवी आहे, म्हणून मी थोडा सरकून बसलो होतो. पण तिनं फक्त पत्राची घडी घातली. इतक्या वर्षांत तिनं माझी एक ओळ वाचली नव्हती. म्हणायची, तुम्ही दिवसभर तोंडीच सांगत असता, वाचू कशाला. त्या दिवशी तिनं हात पुढे केला.

"द्या तो मोबाइल."

ती मागच्या वऱ्हांड्यात जाऊन बसली. मी आत पेपर उघडून बसलो, पण वाचत नव्हतो. कान वऱ्हांड्याकडे होते. मग ती हसली. मोठ्यानं, एकटीच, पदर तोंडाला लावायचंही न सुचून. थोड्या वेळानं पुन्हा हसली.

मी धावत बाहेर गेलो. "कुठे? कोणत्या वाक्याला हसलीस?"

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही जा आत."

तेव्हापासून मी विचारून राहिलो आहे. तिनं अजून सांगितलेलं नाही.